घरातली अरोमाथेरपी: कुंडीतल्या गवती चहापासून बाटलीतल्या तेलापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर वासाची झाडं लावायला लागले तेव्हा हे इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं. आधी शेजारणी रोपं मागायला आल्या, मग त्यांच्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले, आणि आता जवळजवळ रोज कुणी ना कुणी एखाद्या बाटलीचा फोटो पाठवून विचारतं, "हे वापरू का?" तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. अरोमाथेरपी म्हणजे नक्की काय? हे आपल्याकडे होतं का?

वनस्पतींच्या सुगंधी अर्कांचा मनाला आणि शरीराला बरं वाटावं म्हणून केलेला वापर, एवढाच त्याचा अर्थ. शब्द फ्रेंच आहे. रने-मॉरिस गॅटफॉस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या १९३७ सालच्या पुस्तकामुळे तो रूढ झाला. आपल्याकडे असा वेगळा शब्द नव्हता, पण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी होती, दिवाळीच्या उटण्यात गव्हला-कचोरा आणि नागरमोथा होता, सर्दी झाली की तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी होती.

वासाचा संदेश नाकातून मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे फार जवळच्या वाटेने जातो. चैत्रात दवण्याची काडी चुरगळली की मला गुलालाने माखलेल्या जोतिबाच्या डोंगरावरच्या पायऱ्या दिसतात, आठवायचा प्रयत्नही करावा लागत नाही. घरातल्या अरोमाथेरपीची खरी ताकद इथेच आहे. आजार बरे करण्याचे दावे वेगळे, त्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

२. इसेन्शिअल ऑइल, अत्तर, फ्रेग्रन्स ऑइल आणि घरी केलेलं वासाचं तेल यांत फरक काय?

इसेन्शिअल ऑइल म्हणजे झाडाच्या पानाफुलांतून, सालीतून किंवा मुळातून बहुधा वाफेने काढलेला उडून जाणारा अर्क. नावात 'ऑइल' असलं तरी ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखं नसतं. कागदावर टाकलं तर बहुतेक उडून जातं.

अत्तराची रीत वेगळी. कनौजला अजूनही तांब्याच्या डेगेत फुलं उकळतात आणि ती वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, नेतात. त्या भपक्यात परंपरेने चंदनाचं तेल असतं, सुगंध त्यात मुरतो. आता चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसरं काहीतरी वापरतात.

फ्रेग्रन्स ऑइल म्हणजे सुगंधी रसायनांचं मिश्रण. मेणबत्तीला, साबणाला चालतं, पण अरोमाथेरपीसाठी नाही. आणि वाळा, मरवा, जटामांसी खोबरेल तेलात मुरवून आपण डोक्याला लावतो ते वासाचं तेल. ते सगळ्यांत सौम्य आणि घरी सहज होणारं.

३. मला नुसती सुरुवात करायची आहे. कोणती तेलं विकत घेऊ?

पहिले तीन महिने एकही नको. किराणा दुकानातून वाळा आणि ओवा आणा, नर्सरीतून गवती चहा, पुदिना आणि मरवा आणा. ते रोज हाताळा, चुरगळा, हुंगा. कोणता वास आपल्याला शांत करतो आणि कोणत्याने डोकं चढतं हे आधी कळायला हवं. माझ्या एका मैत्रिणीने बारा बाटल्यांचा संच घेतला. तिला लॅव्हेंडर अजिबात आवडत नाही हे त्यानंतर कळलं.

मग घ्यायचीच झाली तर गवती चहा, लॅव्हेंडर आणि निलगिरी, प्रत्येकी १० मिलीची लहान बाटली पुरे. घरात लहान मूल, गरोदर बाई, दम्याचा किंवा फिट्सचा रुग्ण किंवा मांजर असेल तर आधी प्रश्न १०, १२ आणि १४ वाचा.

४. बाल्कनीत कोणती सुगंधी रोपं तग धरतात?

गवती चहाला चार-पाच तास ऊन आणि मोठी कुंडी हवी. वर्षातून एकदा, पावसाळा तोंडावर असताना, गड्डा उपटून फुटवे वेगळे केले नाहीत तर मधला भाग वाळत जातो. पानं मुळापासून ओढायची नाहीत. जमिनीपासून वीतभर ठेवून कात्रीने कापायची. कडा धारदार असतात, त्यामुळे बोटं सांभाळा.

तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती पालवत राहते. पुदिना दुपारचं ऊन टाळून ठेवा आणि त्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्यालाही गिळतो. मरव्याला पाणी साचलेलं खपत नाही. मोगऱ्याची छाटणी थंडी सरताना केली तर चैत्र-वैशाखात कळ्या येतात. ज्याला आपण पानओवा म्हणतो, ज्याच्या जाडसर पानांची भजी करतात, ते झाड ओव्याचं नव्हेच. वास सारखा, कूळ वेगळं. पण फांदी खोचली की लागते आणि नवशिक्याला फार समाधान देते.

लॅव्हेंडरबद्दल खूप जण विचारतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते टिकत नाही, पावसाळ्यात कुजतं. आपल्या देशात त्याची शेती जम्मूकडच्या भदरवाहसारख्या थंड डोंगराळ भागात होते. इथे त्याच्यामागे लागण्यापेक्षा मरवा लावा.

५. घरच्या घरी तेल काढता येईल का?

हिशेबच पाहा. एक किलो ताज्या गवती चहातून साधारण ३ ते ५ ग्रॅम तेल निघतं. गुलाबाचं एक किलो तेल काढायला काही टन पाकळ्या लागतात. म्हणजे बाल्कनीतल्या झाडांतून बाटली भरणार नाही.

पण सुगंधी पाणी मात्र सुरेख निघतं, आणि घरासाठी तेच जास्त उपयोगी आहे. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात तळाला जाळी किंवा उलटी वाटी ठेवा, त्यावर एक रिकामी वाटी. भोवती गावठी गुलाबाच्या पाकळ्या किंवा कापलेला गवती चहा आणि लिटरभर पाणी घाला. पाण्याची पातळी वरच्या वाटीच्या बरीच खाली राहायला हवी. पातेल्यावर घुमटाकार झाकण उलटं ठेवा, म्हणजे मूठ आत, वाटीच्या बरोबर वर येईल. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. गॅस अगदी मंद. वाफ गार झाकणाला लागते, थेंब मुठीवरून वाटीत पडतात. बर्फ वितळेल तसं पाणी काढून नवा बर्फ टाका. अर्ध्या तासात पेलाभर पाणी मिळतं.

गवती चहाचं पाणी काढलं की वाटी उजेडात तिरकी धरून बघा. वर फिकट पिवळे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके तरंगताना दिसतात. तेच इसेन्शिअल ऑइल. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं होतं.

हे पाणी उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. उशीवर, पडद्यांवर, उन्हातून आल्यावर मानेवर शिंपडा. डोळ्यांत घालू नका, ते निर्जंतुक नसतं. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर फवारणी असते, त्यामुळे स्वतःच्या कुंडीतले वापरा. शिट्टीच्या कुकरला नळी जोडून हा प्रयोग कृपा करून करू नका. नळी तुंबली तर कुकर फुटू शकतो.

६. दीडशे रुपयांत 'शुद्ध मोगऱ्याचं इसेन्शिअल ऑइल' मिळतंय. घेऊ का?

नको. मोगऱ्याचा नाजूक वास साध्या वाफेने नीट निघत नाही. त्याचा अर्क द्रावक वापरून काढतात, आणि तो फार महाग असतो. दीडशेच्या बाटलीत सुगंधी रसायनच असणार. मीही एका प्रदर्शनात अशी 'चाफ्याची' बाटली घेतली होती. घरी येऊन मनगटाला लावली, तर तासाभराने चाफा कुठेच नव्हता, नुसता गोडसर, डोकं धरायला लावणारा वास मागे राहिला होता.

बाटलीवर झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव, कोणत्या भागातून काढलं ते, बॅच क्रमांक आणि तारीख आहे का बघा. सगळ्या तेलांची किंमत एकच असेल तर तिथून निघा, कारण चंदन आणि संत्रं कधी एका भावात मिळत नाहीत. घरी एक चाचणी करता येते. टिपकागदावर थेंब टाका आणि दिवसभराने पाहा. तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं असू शकतं. चंदन, वाळा, पाच (पॅचुली) यांसारखी जड तेलं मात्र शुद्ध असूनही डाग ठेवतात. आणि रासायनिक नक्कल या चाचणीत पकडली जात नाही. ती प्रयोगशाळेतच कळते.

७. पामरोसा तेलाला गुलाबासारखा वास का येतो? त्यात गुलाब असतो का?

गुलाब नसतो, गवत असतं, आणि तेही आपलंच. रोशा किंवा तिखाडी म्हणतात ते हे गवत, गवती चहाचं सख्खं भावंड. पश्चिम खानदेशच्या डोंगरउतारांवर ते आपोआप उगवतं आणि तिथे पिढ्यान् पिढ्या भट्ट्या लावून त्याचं तेल काढलं गेलं. गुलाबात असणारं जिरॅनिऑल नावाचं द्रव्य यात भरपूर असतं, म्हणून वास जुळतो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून खपायचं. खानदेशचं गवत युरोपात 'टर्किश' नावाने विकलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. गुलाबाचा वास आवडतो पण खिसा हलका आहे, त्यांनी पामरोसा त्याच्याच नावाने घ्यावं.

८. डिफ्यूझरमध्ये किती थेंब घालायचे आणि किती वेळ चालू ठेवायचा?

डिफ्यूझर म्हणजे पाण्यात घातलेल्या तेलाचा वास खोलीत पसरवणारं उपकरण. १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब. अर्धा तास, फार तर तासभर. मग बंद. खिडकीची फट उघडी हवी. वास येईनासा झाला म्हणजे तेल संपलं असं नव्हे. नाक सरावतं, हवेत तेल असतंच. म्हणून 'वास येत नाही, अजून थोडं घालू' ही सवय मोडा. रात्रभर चालू ठेवू नका. डोकं जड झालं, खोकला आला, डोळे चुरचुरले तर ताबडतोब बंद.

मातीचा, खाली मेणबत्ती असलेला डिफ्यूझर असेल तर वरच्या वाटीतलं पाणी आटू देऊ नका आणि खोली सोडून जाऊ नका. ही तेलं पेट घेतात. समईत किंवा निरांजनात तर कधीच घालू नका.

डिफ्यूझर नसला तरी काही बिघडत नाही. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो उशीपासून हातभर दूर ठेवला तरी पुरतं. वाळ्याची ओली जुडी टेबलफॅनसमोर टांगली तर मे महिन्यातली दुपार सुसह्य होते. माझ्या घरात डिफ्यूझरपेक्षा ती जास्त वेळा लागते.

९. अंगाला लावायचं तर किती पातळ करायचं? आणि तेल शुद्ध असेल तर थेट लावलं तर चालेल ना?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: नाही. शुद्ध आहे म्हणजे ते जास्त तीव्र आहे. गवती चहाचं तेल मी एकदा घाईत तसंच हातावर चोळलं. दोन दिवस कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टा होता आणि पाणी लागलं तरी आग होत होती. आणि एकदा एखाद्या तेलाची अ‍ॅलर्जी झाली की ती बहुधा जन्माची सोबत करते. पुढे त्या द्रव्याचा अंश असलेला साबणसुद्धा चालत नाही.

प्रमाण सोपं आहे. १ मिली म्हणजे साधारण २० थेंब. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १० मिलीचं मापाचं टोपण घ्या, त्यात तिळाचं, बदामाचं किंवा खोबरेल तेल भरा. दोन थेंब घातले की १ टक्का झालं, चार घातले की २ टक्के. चेहऱ्याला आणि वयस्कर माणसांच्या पातळ त्वचेला १ टक्क्याच्या वर जाऊ नका. दुखऱ्या पाठीला थोड्या दिवसांसाठी २ टक्के चालतं. दालचिनी आणि लवंग ही तेलं त्वचेला फार जहाल, नवशिक्यांनी ती अंगाला लावूच नयेत.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक-दोन दिवस थांबा. आंघोळीच्या पाण्यात थेट थेंब टाकू नका. ते पाण्यात मिसळत नाहीत, वर तरंगतात आणि तसेच कातडीला चिकटतात.

१०. बाळाला सर्दी झाली की सासूबाई कापूर आणि निलगिरी लावायला सांगतात. लावू का?

नको. आणि हे त्यांना शांतपणे, पण ठामपणे सांगा, कारण त्यांची माया खरी असते. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर, निलगिरी, मेन्थॉल असलेला बाम नाकाजवळ, चेहऱ्यावर किंवा छातीवर लावू नये. त्या वयात या द्रव्यांनी श्वास अडखळू शकतो. कापराची वडी मुलाने गिळली तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. देवघरातला कापराचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी सूचना आहे.

ओव्याची पुरचुंडी मोठ्या मुलांना हुंगायला द्यायला हरकत नाही, पण आधी आपल्या मनगटाला लावून ती किती गरम आहे ते बघा. तान्ह्या बाळाच्या अंगावर ती ठेवू नका.

बाळ-बाळंतिणीच्या धुरीबद्दलही खूप जण विचारतात. ओवा, वावडिंग, ऊद काहीही जाळलं तरी धूर तो धूरच, आणि बाळाची फुप्फुसं कोवळी असतात. बंद खोलीत धुरी देऊ नका. शेक, मालीश, न्हाऊ घालणं या सगळ्यात बाळाला आईचा आणि आजीचा हात मिळतोच. धूर वगळला तरी त्यात काही कमी पडत नाही.

११. वाफाऱ्यात निलगिरीचे किती थेंब?

मोठ्या माणसासाठी एक. तोही गॅसवरून भांडं खाली उतरवून, मिनिटभर थांबून. डोळे मिटलेले हवेत, नाहीतर झोंबतात. चमचाभर ओवा किंवा चार तुळशीची पानं घातली तरी चालतं, आणि ते जास्त सौम्य. लहान मुलांना गरम पाण्याच्या भांड्यासमोर बसवू नका. सर्दीपेक्षा भांडं उलटून होणारं भाजणं कितीतरी वाईट.

निलगिरीचं हे नाव तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांवरून पडलंय. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं.

१२. गरोदरपण, दमा, फिट्स किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर?

गरोदरपणात पहिले तीन महिने एकही तेल वापरू नका. नंतरही डॉक्टरांना विचारूनच. कुंडीतला मरवा हुंगायला, मोगऱ्याचा गजरा माळायला कसली अडचण नाही, वास सहन होत असेल तर.

दम्याच्या रुग्णाला कोणताही तीव्र वास त्रास देऊ शकतो. शुद्ध-अशुद्धचा इथे संबंध नाही. घरात एकाला दमा असेल तर डिफ्यूझर सगळ्यांसाठीच बंद.

फिट्स येत असतील तर कापूर, निलगिरी आणि रोजमेरी ही तेलं आणि त्यांचे बाम टाळा. पोटात न घेता नुसता बाम लावूनही फिट आल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. नव्याने फिट आलेल्या माणसाने 'मी रोज बाम लावतो' हे डॉक्टरांना जरूर सांगावं, कारण आपण ते औषध धरत नाही.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर गंधपुऱ्याचं तेल, म्हणजेच विंटरग्रीन, लावू नका. सांधेदुखीच्या कित्येक तेलांत ते असतं. त्यात जवळजवळ सगळं मेथिल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं. त्याचे ५ मिली पोटात जाणं म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्या एकदम घेणं.

१३. लिंबाचं तेल लावून उन्हात गेले आणि काळे डाग पडले. गवती चहालाही लिंबाचाच वास, तेही असंच करतं का?

नाही, कारणं वेगळी आहेत. लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्याच कुळातलं एक फळ) यांची तेलं साल दाबून काढतात. त्यात उरलेली काही द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी पेटून उठतात आणि त्वचा भाजते. मागे महिनोन् महिने डाग राहतात. असं तेल लावलेला भाग बारा तास तरी उन्हापासून झाका. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलात ही द्रव्यं येत नाहीत, म्हणून बाटलीवर काढण्याची पद्धत वाचायची.

गवती चहातला लिंबाचा वास सिट्रॉलचा. त्याने उन्हात डाग पडत नाहीत, पण जास्त लावलं तर सावलीतही आग होते. पातळ करण्याचं प्रमाण प्रश्न ९ मध्ये आहे.

१४. घरात मांजर आहे. पोपटही आहे.

मग इसेन्शिअल ऑइल्सचा विचार सोडून द्या. ही द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी व्यवस्था लागते ती मांजरात फार तोकडी असते. हवेतले कण तिच्या केसांवर बसतात आणि ती अंग चाटते. टी ट्री ऑइल (चहाच्या नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल) मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी आहे. पिसवांसाठी ते अंगाला लावू नका. पक्ष्यांची श्वसनसंस्था तर आणखी नाजूक. मरवा, तुळस, वाळा यांवर भागवा.

१५. सिट्रोनेला लावलं की डास चावत नाहीत ना?

थोडा वेळ. सिट्रोनेला म्हणजे गवती चहाच्याच जातकुळीतल्या गवताचं तेल. ते लवकर उडून जातं, आणि पुन्हा पुन्हा लावावं लागतं. संध्याकाळी गच्चीवर बसताना ठीक. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, आणि त्याच्यासाठी तेलावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, आणि कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओतून देणं. आपण झाडं लावणाऱ्यांनी हे शेवटचं काम विशेष मनावर घ्यायला हवं.

१६. झोप, डोकेदुखी, मुरुमं यांवर खरंच उपयोग होतो की मनाचा खेळ आहे?

दोन्ही. मुरुमांवर टी ट्री तेलाचा ५ टक्क्यांचा लेप सावकाश पण गुण देतो, हे अभ्यासांत दिसलंय. ताणामुळे दुखणाऱ्या डोक्यावर पातळ केलेलं पेपरमिंट कपाळाला लावून आराम पडतो, यालाही आधार आहे. डोळ्यांपासून लांब ठेवा. लॅव्हेंडरने अस्वस्थता आणि झोप थोडी सुधारते असे अभ्यास आहेत, पण वास लपवून अशा चाचण्या घेता येत नसल्याने खात्री कमी.

कर्करोग, मधुमेह, थायरॉइड तेलाने बरे होतात असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून दूर राहा. चालू असलेली गोळी बंद करू नका. मात्र रोज रात्री ठरलेल्या वेळी दिवा मंद करून, एकच ओळखीचा वास घेत दहा मिनिटं बसलात तर महिन्याभरात शरीर त्या वासाला झोपेची खूण समजायला लागतं. त्यासाठी तेलच हवं असं नाही. माझ्या आईला उशीखाली ठेवलेल्या मरव्याच्या दोन काड्या पुरतात.

१७. पाण्यात थेंब टाकून प्यायलं तर? आणि चुकून कुणी प्यायलं तर?

पिऊ नका. पुदिन्याची चव हवी तर पानं आहेत. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल पोटाच्या तक्रारींवर दिल्या जातात हे खरं, पण त्या आतड्यात जाऊन विरघळतील अशा बनवलेल्या असतात आणि डॉक्टर देतात.

चुकून पोटात गेलं तर उलटी करवू नका, कारण तेल फुप्फुसात शिरण्याची भीती असते. दूध, मीठपाणी काही पाजू नका. बाटली हातात घ्या आणि थेट रुग्णालय गाठा, किंवा १०८ ला फोन करा. निलगिरीचा एक चमचासुद्धा लहान मुलाला बेशुद्ध करू शकतो. 'बघू थोडा वेळ' असं करू नका.

१८. अमृतधारा घरी करतात ती सुरक्षित आहे का?

ओव्याचं फूल (थायमॉल), पुदिन्याचं फूल (मेन्थॉल) आणि कापूर समभाग. तिन्ही कोरडे, पांढरे खडे. काचेच्या बाटलीत घालून हलवलं की पाण्याचा थेंबही न घालता दहा-पंधरा मिनिटांत सगळं वितळून स्वच्छ द्रव होतं. एकमेकांच्या संगतीत तिन्हींचा वितळण्याचा बिंदू खाली येतो म्हणून हे घडतं. शाळकरी मुलांना लांबून दाखवण्यासारखा प्रयोग आहे.

पण ती तीव्र आहे. मोठ्या माणसाने रुमालावर एखादा थेंब टाकून हुंगावी, एवढंच. लहान मुलं, गरोदर बायका आणि फिट्सचे रुग्ण यांना प्रश्न १० आणि १२ मधले सगळे नियम इथेही लागू.

१९. तेलं किती टिकतात?

लिंबू-संत्र्यासारखी वर्ष-दीड वर्ष, टी ट्रीही लवकर बिघडतं. चंदन, वाळा आणि पाच ही तेलं वर्षांनुवर्षं टिकतात आणि मुरत जातात. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, अंधारी गार जागा. प्लास्टिकच्या डबीत ओतू नका, ती चिकट होते. रबरी ड्रॉपर बाटलीवर कायमचा लावून ठेवू नका, रबर विरघळायला लागतं. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. शिळं झालेलं तेल अंगाला लावलं तर अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते. ते फरशी पुसायच्या पाण्यात जाऊ दे.

२०. आजारपणानंतर वासच येत नाही. अरोमाथेरपीने परत येईल का?

हा प्रश्न कोविडनंतर फार आला, अजूनही येतो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा जो व्यायाम सांगतात तो घरीच करायचा असतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे.

चार लहान काचेच्या बरण्या घ्या. एकीत ठेचलेल्या लवंगा, एकीत लिंबाची किसलेली साल, एकीत गुलाबाच्या पाकळ्या, चौथीत कापसावर निलगिरीचा एक थेंब. निलगिरी चालत नसेल तर चुरडलेला पुदिना. प्रत्येक बरणी पंधरा-वीस सेकंद हळूहळू हुंगायची, मधे थोडं थांबायचं, आणि हुंगताना तो वास कसा होता हे मनाशी आठवायचं. लिंबाची साल रोज बदला, लवंगा आठवड्याने.

पहिले काही आठवडे काहीच कळत नाही आणि माणूस कंटाळतो. तारखा लिहून ठेवा. माझ्या मावशीला सहाव्या आठवड्यात लवंगेच्या बरणीतून नुसतं काहीतरी गरम जाणवलं. तिने वहीत 'लवंग, थोडी' असं लिहिलं, आणि दहाव्या आठवड्यात स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलं की फोडणी करपतेय.